४४३ नॉट आउट: पुणे, डिसेंबर १९४८ चं प्रकरण

कोल्हापुरात जुन्या क्रिकेटचा विषय निघाला की भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव येतंच, आणि नाव आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "नऊ रन कमी पडले हो", म्हणजे ब्रॅडमनच्या ४५२ च्या वर्ल्ड रेकॉर्डच्या बरोबरीला. लहानपणापासून ऐकत आलोय, पण मला ते वाक्य पटत नाही. कमी पडले म्हटलं की वाटतं माणूस दमला किंवा आउट झाला. तसं काहीच झालं नव्हतं. माणूस नाबाद होता, पॅड बांधलेले होते, पुढे खेळायची तयारी होती, आणि समोरची टीमच मैदानावर यायला तयार नव्हती. त्यामुळे हे प्रकरण नीट शेवटपर्यंत बघू, कारण माझ्या मते यात एकच चूक नाही, दोन आहेत, आणि दुसरी आपल्या बाजूची आहे, जिच्याबद्दल आपण बोलतच नाही.

आधी मॅच. रणजी ट्रॉफीचा १९४८-४९ चा सीझन, म्हणजे स्पर्धा सुरू होऊन जेमतेम चौदा वर्षं झालेली. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पूना क्लबचं मैदान, १६ ते १८ डिसेंबर. तीन दिवस आधीच मुंबईत ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजची टेस्ट संपली होती, गोडार्डची टीम, त्यात एव्हर्टन वीक्स फुल फॉर्मात, त्यामुळे देशाचं लक्ष साहजिकच तिकडे. पुण्याच्या या मॅचमध्ये काही जगावेगळं होईल असं वाटायचं कारण नव्हतं. काठियावाडने पहिली बॅटिंग केली आणि २३८ ला ऑल आउट. मग महाराष्ट्र उतरला आणि जेव्हा सगळं थांबलं तेव्हा बोर्डावर ४ बाद ८२६ होते, निंबाळकर नाबाद ४४३. दुसऱ्या विकेटसाठी कमल भांडारकरांबरोबर ४५५ ची पार्टनरशिप, भांडारकर २०५. निंबाळकर ४९४ मिनिटं क्रीझवर, ४९ चौकार आणि १ षटकार. चारच दिवसांपूर्वी, १२ डिसेंबरला, त्यांना एकोणतीस पूर्ण झाली होती.

आता यातला एक आकडा जरा जवळ घेऊन बघू, कारण मी स्वतः गावाकडच्या टुर्नामेंटमध्ये बरीच वर्षं स्कोअरिंग केलंय आणि आकडे वाचायची सवय हाताला लागलीय. ४९ चौकार म्हणजे १९६, षटकाराचे ६, झाले २०२. ४४३ मधून २०२ गेले की उरले २४१. हे २४१ रन पायांनी काढलेत, एकेक दोनदोन तीनतीन करत, अंगावर तेव्हाचे जड पॅड आणि जड बूट. एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंत साधारण पावणेअठरा मीटर धरले तर फक्त स्वतःच्या रनांसाठीच सव्वाचार किलोमीटरच्या वर पळणं झालं, आणि भांडारकरांच्या आणि नंतरच्या पार्टनरांच्या रनांसाठी पळाले ते वेगळंच. आणि स्कोअरबुकात काय होतं, बॅट्समनच्या नावापुढे जी एक ओळ असते ना, साधारण साठ-सत्तर रनांच्या माणसासाठी आखलेली, ती भरून जाते, मग खालच्या ओळीत बाण काढून जायचं, मग खालच्या माणसाची जागा खाल्ली जाते, मग समासात बारीक अक्षरात एक, दोन, चार, एक. मी एकदा १६८ ची इनिंग लिहिली होती तेव्हा दोन वेळा बेरीज चुकली आणि अंपायरला थांबवून विचारावं लागलं. ४४३ ची इनिंग लिहिणाऱ्या त्या पुण्यातल्या स्कोअररच्या वहीचं पान कसं दिसत असेल हे मला कायम डोळ्यासमोर आणावंसं वाटतं.

हा माणूस काही अचानक उगवलेला नव्हता हेही सांगायला हवं. १९४५-४६ ला इंदूरला होळकरच्या टीमने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केले होते, एका इनिंगमध्ये सहा सेंच्युऱ्या, त्यातली १७२ ची निंबाळकरांची आणि १४२ ची याच भांडारकरांची. म्हणजे ही जोडी आधीच एकमेकांना ओळखत होती, कोण कधी पळणार आणि कोण कधी नको म्हणणार हे ठाऊक असलेली माणसं. आणि पुणं म्हणजे तेव्हा रनांचं आगरच होतं. विजय हजारेंनी १९३९-४० ला बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ पुण्यातच काढले, रणजीतली ती पहिली ट्रिपल सेंच्युरी. पुढच्याच सीझनला देवधर मास्तरांनी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध पुण्यातच २४६ मारले, महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०, आणि पंचवीस रनांच्या लीडवर महाराष्ट्र पुढे गेला. हे शेवटचं उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे, कारण रणजीत तेव्हाही निकाल नाही लागला तर पहिल्या इनिंगच्या लीडवर मॅच मिळायची.

तर मग १८ डिसेंबरला नेमकं काय झालं. मधल्या सुट्टीला टीम आत आल्या तेव्हा निंबाळकर ४४३ वर. वर्ल्ड रेकॉर्ड डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२, जानेवारी १९३० ला सिडनीत न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध. म्हणजे नऊ झाले की बरोबरी, दहा झाले की रेकॉर्ड. काठियावाडचे कॅप्टन होते राजकोटचे ठाकोर साहेब, म्हणजे तिथले संस्थानिक. त्यांनी महाराष्ट्राच्या कॅप्टनना, गोखल्यांना, सांगितलं की रन पुरे झाले, आता डिक्लेअर करा, म्हणजे आपली इनिंग स्वतःहून संपवा, नाहीतर आम्ही मॅच सोडतो. गोखल्यांनी रेकॉर्डचं सांगून दोन ओव्हर मागितल्या. काठियावाडने ऐकलं नाही, सामान आवरलं आणि ते स्टेशनकडे निघाले. मॅच महाराष्ट्राला दिली गेली, इनिंग तिथेच थांबली. निंबाळकर स्वतः पुढे सांगायचे की खेळताना त्यांना ब्रॅडमनच्या रेकॉर्डची कल्पनाच नव्हती, सुट्टीत कळलं.

आता इथे सगळे एकदम ठाकोर साहेबांवर घसरतात आणि मीही घसरतो, पण आधी त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. टीम २३८ ला आउट झालेली, मग मोठा काळ उन्हात फिल्डिंग, ८२६ रन, चारच विकेट. पिछाडी ५८८ ची. नियमाने बघितलं तर मॅच कधीच संपली होती, महाराष्ट्राने २३९ वा रन काढला तेव्हाच लीड मिळाली, वर सांगितलेल्या ६७५ आणि ६५० च्या हिशेबाने पुढे जायला तेवढं पुरेसं होतं. म्हणजे त्यानंतरचा प्रत्येक रन काठियावाडच्या दृष्टीने फक्त मार होता. त्यात ज्याच्या विरुद्ध वर्ल्ड रेकॉर्ड झाला ती टीम म्हणून आपलं नाव कायम पुस्तकात छापलं जाणार ही भीती, आणि संस्थानिक माणसाला नावाची किती काळजी असते ते आपण कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या वर्षी काठियावाडातली संस्थानं विलीन होऊन सौराष्ट्र झालेलं, एवढी मोठी उलथापालथ डोक्यावर असताना ही माणसं क्रिकेट खेळायला पुण्याला आली होती हे पण खरं.

एवढं सगळं मान्य करून पण मला वाटतं त्यांचं चुकलंच. डिक्लेअर कधी करायचं हा हक्क बॅटिंग करणाऱ्या कॅप्टनचा, समोरच्याचा नाही. समोरच्याला मॅच सोडून द्यायची मुभा आहे, ती तेव्हाही होती आणि आजही आहे. पण ठाकोर साहेबांनी काय केलं, जो हक्क त्यांच्याकडे होता तो दाखवून जो हक्क नव्हता तो मिळवायचा प्रयत्न केला. मॅच सोडायची असती तर सरळ सोडायची, हरलो म्हणायचं आणि जायचं, त्यात लाज नाही. पण "डिक्लेअर केलं तर खेळतो" याचा अर्थच असा होतो की दमल्यामुळे ते जात नव्हते, कारण डिक्लेअर केल्यावर ५८८ च्या पिछाडीवर परत बॅटिंग करायची तयारी होती ना! नको होत्या त्या फक्त दोन ओव्हर. दोन ओव्हर. हे जितक्या वेळा मनात घोळवतो तितक्या वेळा गलबलून येतं.

आणि त्यातही एक गोष्ट आतून टोचते. ज्या स्पर्धेत हे झालं तिला नाव रणजींचं, आणि रणजी कुठले तर नवानगरचे, त्याच काठियावाडातले. त्या भागाने १९३६-३७ ला नवानगर म्हणून आणि १९४३-४४ ला वेस्टर्न इंडिया म्हणून ही ट्रॉफी जिंकून दाखवलेली होती. क्रिकेट न कळणारी मंडळी असती तर सोडून दिलं असतं, पण ही क्रिकेट चांगलं कळणारी माती.

ब्रॅडमनच्या ४५२ शी ताडून बघा. तिथेही मॅच म्हणून रनांची गरज कधीच संपलेली होती, न्यू साउथ वेल्सने दुसऱ्या इनिंगला ८ बाद ७६१ केले आणि लीड ७६९ ची झाली, एवढी कोणाला लागते. आधीचा रेकॉर्ड पॉन्सफर्डचा ४३७. कॅप्टन किपॅक्सने ब्रॅडमन तो ओलांडून पुढे जाईपर्यंत डिक्लेअर केलं नाही. आणि क्वीन्सलंडचे खेळाडू, जे ४५२ रन पळून पळून अडवत होते, त्यांनीच ब्रॅडमनला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलं. गंमत अशी की ब्रॅडमनचे चौकारही बरोबर ४९. एका मैदानावर मार खाल्लेली टीम खांदा देते, दुसऱ्या मैदानावर मार खाल्लेली टीम टांगा बोलावते. फरक हरण्यात नव्हता, हरताना कसं वागले त्यात होता.

पण लांब सिडनीला तरी कशाला जायचं, त्याच सीझनचं आणि पुण्याचंच उदाहरण आहे आणि ते मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं. तीन महिन्यांनी, मार्च १९४९ ला, सेमीफायनल, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मॅच निकाल लागेपर्यंत चालली, सात दिवस. मुंबई ६५१. महाराष्ट्र ४०७. मग मुंबईने परत बॅटिंग केली आणि ८ बाद ७१४ वर डिक्लेअर केलं. म्हणजे महाराष्ट्राच्या पोरांनी एका मॅचमध्ये १३६५ रन अंगावर घेतले, काठियावाडने घेतले त्याच्यापेक्षा पाचशेच्या वर जास्त, आणि समोर जिंकायला ९५९ हवेत असं जगात कोणी केलेलं नाही असं टार्गेट. सामान आवरून घरी जायचं तर यापेक्षा चांगलं कारण कुठलं मिळणार होतं, घर पण तिथंच पुण्यात. पण ते परत पॅड बांधून उतरले आणि ६०४ केले. ३५४ रननी हरले. मॅचमध्ये एकूण २३७६ रन झाले, फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे टेस्ट आणि रणजीसारख्या वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये, एका मॅचमधला सगळ्यात मोठा आकडा. नऊ सेंच्युऱ्या, त्यात उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि मधुसूदन रेगे या तिघांच्या दोन्ही इनिंगमध्ये. रेगे महाराष्ट्राचे, दुसऱ्या इनिंगला त्यांचे बरोबर १००, म्हणजे पराभव समोर दिसत असताना माणूस शंभरपर्यंत उभा राहिला. (फडकर पण मूळ कोल्हापूरचेच आणि त्यांचा वाढदिवसही १२ डिसेंबर, निंबाळकरांचाच दिवस, हे मला फार आवडतं.) तर हरणाऱ्या टीमने शेवटपर्यंत खेळायचं कसं हे त्या सीझनने स्वतःच दाखवून दिलंय.

आता दुसऱ्या चुकीकडे येतो, आपल्या बाजूच्या.

४९४ मिनिटांत ४४३ म्हणजे तासाला साधारण चोपन्न रन. या वेगाने नऊ रनांना किती वेळ लागतो, दहा मिनिटं. दहा मिनिटं! म्हणजे सुट्टीच्या आधी अर्धा तास जरी कोणी ड्रेसिंग रूममधून आत निरोप पाठवला असता की भाऊसाहेब, ४५२ वर रेकॉर्ड आहे आणि सुट्टीला इतकी मिनिटं आहेत, तर हे प्रकरणच घडलं नसतं. स्ट्राइक आपल्याकडे ठेवता आला असता, जिथे एक घेतला तिथे दोन पळता आले असते, समोरच्या पार्टनरने एकेक घेऊन टोक बदलून दिलं असतं. ब्रॅडमनचा रेकॉर्ड काही गुपित नव्हता, अठरा वर्षं छापलेला होता. तीनशे झाले, साडेतीनशे झाले, विजय मर्चंटचा नाबाद ३५९ चा रणजीतला आकडा मागे पडला, चारशे झाले, यातल्या कुठल्याच टप्प्यावर मैदानाच्या आत तो आकडा पोचला नाही.

आणि सुट्टीत पोचला तेव्हा गोखल्यांच्या हातात तसं काही उरलेलं नव्हतं, हे नीट बघायला हवं. डिक्लेअर केलं तरी निंबाळकर ४४३. नाही केलं आणि समोरचे गेले तरी निंबाळकर ४४३. म्हणून त्यांनी मधला मार्ग मागितला, दोन ओव्हर, आणि ते एका कॅप्टनने आपल्या माणसासाठी करायला हवं तेच केलं. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण निर्णयाची खरी वेळ सुट्टीच्या आधीची होती आणि ती निघून गेलेली.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण ही चूक मी स्वतः केलीय. आमच्या तालुक्याच्या टुर्नामेंटला दोन दिवसांच्या मॅचमध्ये मी स्कोअरर होतो, आमचा एक पोरगा सत्त्याण्णववर खेळत होता, त्याच्या आयुष्यातली पहिली सेंच्युरी झाली असती, आणि आमच्या कॅप्टनने चहाला डिक्लेअर केलं. त्याला वाटलं पोरगा ऐंशीच्या आसपास असेल, कारण आमच्या बोर्डावर फक्त टीमचा टोटल लावायचो. माझ्या वहीत सत्त्याण्णव लिहिलेले होते, माझ्याच हाताने, आणि मी काही बोललो नाही, मला वाटलं त्याला माहिती असेल. तो पोरगा आत येऊन माझ्या वहीत वाकून बघत होता, बोट ठेवून एकेक आकडा परत मोजत होता, तो क्षण मी विसरू शकत नाही. त्यानंतर माझ्याकडून ते कधी झालं नाही, कोणी नव्वदला पोचला की मी पाणी घेऊन जाणाऱ्या मुलाच्या हातात चिठ्ठी देतो, त्यावर त्याचे रन आणि सुट्टीला उरलेली मिनिटं.

मोठ्या इनिंगांच्या इतिहासात ही चिठ्ठीची गोष्ट परत परत दिसते. जानेवारी १९५९, कराचीत हनीफ मोहम्मद बहावलपूरविरुद्ध खेळत होते, कायदे आझम ट्रॉफीची सेमीफायनल, म्हणजे पाकिस्तानच्या नॅशनल स्पर्धेचाही सुरुवातीचाच काळ. नाबाद २५५ वर दिवस संपला आणि रात्री कॅप्टनने, म्हणजे सख्खे मोठे भाऊ वझीर यांनी, सांगितलं की ब्रॅडमनचा रेकॉर्ड तुझ्या आवाक्यात आहे. रात्रीच! म्हणून दुसऱ्या दिवशी हनीफ त्या हिशेबाने खेळले आणि ४५२ मोडला. पण त्याच इनिंगच्या शेवटी बोर्डावर ४९६ दिसत होते, खरे होते त्यापेक्षा कमी, दिवस संपत आला म्हणून धावले आणि ४९९ वर रन आउट. एकाच इनिंगमध्ये योग्य वेळी मिळालेल्या माहितीने रेकॉर्ड दिला आणि चुकीच्या आकड्याने पाचशे घालवले. मग जून १९९४, एजबॅस्टन, ब्रायन लारा ४९७ वर, मॅच ड्रॉ होणार हे ठरलेलं, आणि पार्टनर कीथ पायपरने येऊन सांगितलं की आता मोजकेच बॉल उरलेत, ही शेवटची ओव्हर. पुढचा बॉल चार, ५०१ नॉट आउट. पायपरने तोंड उघडलं नसतं तर कदाचित लारा ४९७ वरच राहिले असते. आणि डरहॅमची टीम, ज्यांनी पाचशे खाल्ले, ती शेवटच्या ओव्हरपर्यंत मैदानावर उभी होती.

पुण्यात १९४८ ला वझीरही नव्हता, पायपरही नव्हता, आणि डरहॅमही नव्हतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. तो सीझन मुंबईने जिंकला, फायनलला बडोद्याला ४६८ रननी हरवून. काठियावाडची टीम १९५० पासून सौराष्ट्र म्हणून खेळायला लागली. त्याच राजकोटमध्ये जानेवारी २०१३ ला पुजाराने कर्नाटकविरुद्ध ३५२ केले, कर्नाटकवाले शेवटपर्यंत बॉलिंग करत होते. निंबाळकर फर्स्ट क्लासमध्ये ८० मॅच, ४८४१ रन, ४७.९३ ची अॅव्हरेज, १२ सेंच्युऱ्या, आणि एकही टेस्ट नाही. एकही! चारशेच्या वर गेलेल्या माणसांची यादी जगात बोटावर मोजण्याएवढी आहे, आणि टेस्ट न खेळलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा स्कोअर आजही त्यांचाच आहे. भारतीय खेळाडूचा फर्स्ट क्लासमधला सगळ्यात मोठा स्कोअर पण तोच, पंचाहत्तर वर्षं होऊन गेली, गावसकर झाले, तेंडुलकर झाले, सेहवाग झाले, जडेजाने तीन ट्रिपल सेंच्युऱ्या मारल्या, ४४३ ला कोणी हात लावलेला नाही. क्रिकेट बोर्डाने २००२ ला सी. के. नायडू पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ ला ते कोल्हापुरातच गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी कट्ट्यावर विषय निघाला तर "नऊ रन कमी पडले" म्हणू नका. ते ४४३ वर खेळत होते, आणि स्कोअरकार्डावर अजूनही नॉट आउटच लिहिलेलं आहे.